शेठच्या हॅलोजननं अडवलेली आकाशगंगा

ऐका लोकहो, नातीनं कॉलेजातून आकाशाचे फोटो काढाचा कॅमेरा फक्त आजच्यासाठी मांगून आणला. मागच्या आंगणात दुर्बीण मांडली, पण शेजारच्या शेठच्या हॅलोजननं सारे फोटो पांढरेफट.

मी गेली. "शेठ, लाइट बंद कर."

"काकू, कापूस बाहेर आहे. चोर आला त?"

"मी बसतो राखणीले. मले पाहून येईन का कोणी?"

"चोर काय, गिऱ्हाईकबी येनार नाई!" म्हणत त्यानं बटन दाबलं.

मी काठी घेऊन कापसापाशी बसली. घंट्याभरानं नात ओरडली, "आजी, आली!" दुसरी आकाशगंगा म्हणे, धुरकट, तिरपी. तिचा उजेड पंचवीस लाख वर्षं चालून आला, अन् अडला कुठं, त आमच्या शेजाऱ्याच्या लाइटापाशी.

शेठ, लय उपकार झाले बाप्पा.

तुम्हीबी शेजाऱ्याले कधी मांगून पाह्यलं का, का नुसतेच कुरकुरता?