फिटरसाठी तीन डार्ट

आमच्या घरात इंग्लंडच्या एका डार्ट खेळाडूला फिटर म्हणत. त्याचं खरं नाव बाबांच्या जिभेवर बसत नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही वाटत नव्हती. एकदा टीव्हीवरच्या कॉमेंट्रीत सांगितलं, की हा गडी आधी कारखान्यात फिटर होता आणि मग नोकरी सोडून पूर्ण वेळ खेळायला लागला. मी ते मराठीत सांगितलं मात्र, बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"फिटर असूनही हात बरा आहे," ते म्हणाले.

बाबा टर्नर होते. त्यांच्या लेखी लेथवर उभा राहतो तो कारागीर, बाकीचे सगळे मदतनीस.

पण तेव्हा ते लेथवर नव्हते. कंपनीत संगणकावर चालणारी नवी मशीनं आली होती आणि बावन्नाव्या वर्षी बाबांच्या पुढ्यात स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला गेला होता. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लोक हसत. बाबा हसत नसत. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून राहत. त्याच सुमारास आम्ही केबल घेतली. कुठल्याशा खेळाच्या चॅनेलवर दुपारी जुने सामने पुन्हा दाखवायचे, आणि जेवण झाल्यावर बाबांना तिथे डार्ट सापडला.

त्यांना तो खेळ पाच मिनिटांत कळला. मला महिना लागला. भिंतीवरच्या गोल बोर्डावर छोटे बाण, म्हणजे डार्ट, फेकत पाचशे एकपासून उलटं मोजत शून्यावर यायचं. शेवटचा डार्ट बाहेरच्या बारीक पट्टीतच बसायला हवा, आणि गुण जास्त झाले तर ती फेरी बाद.

"अरे, हे टर्निंगच आहे," बाबा म्हणाले. "माल काढत काढत मापावर यायचं. शेवटचा कट जास्त गेला की जॉब रिजेक्ट."

मी कॉम्प्युटरचा कोर्स करत होतो. शिकवणीच्या पैशांतून मी कॅम्पातल्या खेळाच्या दुकानातून एक बोर्ड आणला. बाबांनी टेप लावून, काटकोन तपासायचा गुण्या धरून तो दोन खोल्यांमधल्या बोळकांडीत ठोकला आणि फेकण्याच्या रेषेवर ऑइलपेंटचा पट्टा मारला. आईला बादली घेऊन जायचं असलं की ओरडावं लागे, "अहो, थांबा, मी जातेय!" ज्याचा डार्ट फरशीवर पडेल त्याने चहा करायचा, असा नियम होता. मी त्या वर्षात इतका चहा केला, की आईने सुनेची घाई सोडून दिली. आता सांगायला हरकत नाही, नंतर मला बरीच बक्षिसं आणि बढत्या मिळाल्या, पण त्या बोळकांडीतल्या संध्याकाळींइतका आनंद कशातच झाला नाही.

फिटर तेव्हा चढत होता. आधी पात्रता फेऱ्या, मग उपांत्य सामना, आणि एका वर्षी त्याने मोठा चषक जिंकला. बाबांनी पाव किलो पेढे आणले. शेजारचे काका म्हणाले, "साहेब तिकडे जिंकला, पेढे तुम्ही वाटताय?" बाबा म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर परत करा." काकांनी पेढा तोंडात टाकला होता.

आणि मग फिटरचा हात अडकला.

तो रेषेवर उभा राहायचा. हात मागे जायचा, पुढे यायचा, आणि बोटं उघडायचीच नाहीत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. हॉलमधले लोक गप्प व्हायचे. चौथ्यांदा तो डार्ट कसाबसा झटकून द्यायचा आणि तो भलतीकडे जायचा. डार्टवाल्यांना होणारा हा ओळखीचा आजार आहे, दुखणं हातात नाही, मनात आहे, असं कॉमेंट्रीवाले सांगत होते. मी ते बाबांना सांगितलं. ते भडकले.

"मनात काही नसतं! इतकी वर्षं ज्या हाताने काम केलं तो हात एका दिवसात बिघडतो का? टूल बदल म्हणावं त्याला!"

त्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून दाखवलं. फिटरच्या डार्टवर पकडीसाठी खरखरीत खाचा पाडलेल्या होत्या. त्या बोटाला धरून ठेवतात, असं बाबांचं म्हणणं. हाताचा दोष असू शकतो हे त्यांना मान्यच नव्हतं, कारण ते मान्य केलं तर पुढे आणखी बरंच काही मान्य करावं लागलं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, म्हातारा हट्टी झालाय.

मधल्या काळात मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. एक दिवस घरी येऊन मी सांगितलं, की तीन महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवतायत. आई रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन बाबा धायरीला गेले. तिथे त्यांच्या जुन्या सोबत्याचं छोटं वर्कशॉप होतं, त्यात एक जुना लेथ. आठ दिवस रोज गेले. कामाचा डबा हातात घेऊन बाहेर पडणारे बाबा मी किती वर्षांनी पाहत होतो.

आठव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पितळेचे तीन डार्ट ठेवले. टोकं पोलादाची, शेपटीची पिसं बाजारातली, बाकी सगळं त्यांच्या हातचं. एकही खाच नाही. आरशासारखे गुळगुळीत, तोंड दिसावं इतके. तिन्हींचं वजन एकच आहे हे बघायला ते सोनाराकडे गेले होते. सोनार म्हणाला, "पितळ तोलायला इथे येतात का लोक?" बाबा म्हणाले, "तुमचा काटा खरा आहे का तेच बघायला आलोय."

जुन्या बनियनच्या कापडाला तेल लावून त्यात त्यांनी ते गुंडाळले. "फिटरला दे. म्हणावं, टर्नरने पाठवलेत. आपोआप सुटतील हातातून."

योग असा, की मी ज्या गावात होतो तिथल्या एका क्लबात फिटर आला. तोवर त्याचं नाव खाली गेलं होतं आणि तो गावोगावी हौशी लोकांशी खेळून दाखवत असे. ऑफिसातले गोरे सहकारी मला घेऊन गेले. सामना झाल्यावर सह्यांसाठी रांग लागली. मीही उभा राहिलो, कोटाच्या खिशात ते पुडकं. टीव्हीवर दिसायचा त्याहून तो बुटका होता. माझ्या पुढे दोनच जण राहिले. तेवढ्यात मागच्या सहकाऱ्याने विचारलं, खिशात काय आहे, तेलाचा वास येतोय.

मी म्हणालो, काही नाही.

बाकी काही झालं नाही. कुणी हसलं नाही, कुणी अडवलं नाही. मला त्या बनियनच्या कापडाची लाज वाटली, एवढंच. मी एका पुठ्ठ्यावर फिटरची सही घेतली आणि परत आलो.

रविवारी घरी फोन केला. बाबांनी कसा आहेस विचारलंच नाही.

"दिले का?"

"दिले."

"काय म्हणाला?"

"फिनिश चांगलं आहे म्हणाला."

पलीकडे बाबांचा आवाज, आईला सांगणारा, "ऐकलंस का? फिनिश चांगलं आहे म्हणाला." मी फोन ठेवला.

परत आल्यावर मी पुडकं बॅगेच्या तळाशी तसंच ठेवलं आणि बॅग माळ्यावर टाकली. बाबांचं तोवर अर्ध्या बिबवेवाडीला सांगून झालं होतं. दोनेक वर्षांनी फिटर पुन्हा टीव्हीवर दिसला. हात थोडा सुटला होता, मोठ्या स्पर्धेची पहिली फेरी तो खेळत होता. बाबा टीव्हीला नाक लावून बसले. डार्ट त्याचेच होते, काळपट, खाचांचे. शेजारचे काका बसले होते, ते म्हणाले, "तुमचे पिवळे कुठे दिसत नाहीत ते?"

बाबा म्हणाले, "जपून ठेवले असतील. चांगलं टूल कोणी रोजच्या कामाला काढत नाही."

फिटर ती फेरी हरला आणि मग कधी दिसला नाही.

मागे आम्ही वाघोलीला मोठा फ्लॅट घेतला. सामान हलवताना माळ्यावरून मी ती बॅग काढली. पितळ इतक्या वर्षांत काळं पडतं, हे टर्नरच्या पोराला सांगावं लागत नाही. बॅगेच्या तळाशी पुडकं होतं, पण बनियनचं कापड नव्हतं. पांढऱ्या स्वच्छ मलमलीचं होतं, ताज्या तेलाचं. आत तिन्ही डार्ट लखलखत होते. त्यांत माझं तोंड दिसलं.

म्हणजे बाबा वर्षानुवर्षं स्टुलावर चढून ते पुसत होते. फिटर टीव्हीवर आला आणि ते 'जपून ठेवले असतील' म्हणाले, त्या दुपारीही त्यांना माहीत होतं.

ते बाहेर खोक्यावर बसले होते, टेम्पोची वाट बघत. मी पुडकं हातात घेऊन समोर उभा राहिलो. त्यांनी एक डार्ट उचलला, उजेडात फिरवून पाहिला.

"बाबा, मी तेव्हा..."

"फिनिश मात्र खरंच चांगलं आहे," बाबा म्हणाले. मग डार्ट माझ्या हातात देऊन म्हणाले, "बोर्ड काढलास का भिंतीवरचा? का तोही इथेच विसरणार आहेस?"

मी आत जाऊन बोर्ड काढला.