निघालं किती, पोचलं किती

रझिया मुकादम पुस्तक शेवटून उघडत. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की नोंदवहीत चढवण्याआधी त्या प्रत्येकाची संदर्भसूची पाहत. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत जाई. इतिहासाचे एक प्राध्यापक म्हणत, "आपा उर्दू शाळेत शिकल्या, म्हणून उलट्या बाजूनं वाचतात." आपा मान वर न करता उत्तर देत, "सर, पाहुणा आला की कुठून आलात ते आधी विचारतात. चहा नंतर."

बोर्ली पंचतनच्या महाविद्यालयात त्या सव्वीस वर्षे ग्रंथपाल होत्या. मी एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे आणि दुपारी ग्रंथालयातल्या पंख्याखाली बसून त्या लिहीत असे. पुढचा प्रसंग मी त्या टेबलावरून पाहिला आहे.

संशोधक आपले संदर्भ, म्हणजे पुस्तके, लेख, मुलाखती, एका सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवतात. प्रबंधाच्या शेवटची यादी त्यातूनच तयार होते. अडचण येते ती एका सॉफ्टवेअरमधल्या नोंदी दुसऱ्यात नेताना. अक्षरे मोडतात, लेखकाचे नाव शीर्षकाच्या जागी जाऊन बसते, काही नोंदी वाटेत गळतात. हे दुरुस्त करण्याचे कोणतेही प्रशिक्षण आपांनी घेतले नव्हते. त्यांचा भाऊ कुवेतला होता. त्याला सुकट, कोकम आणि मसाल्याची पेटी पाठवताना त्या एक यादी झाकणाच्या आत चिकटवत आणि दुसरी स्वतःकडे ठेवत. पेटी पोचल्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "निघालं किती, पोचलं किती?" ख्यालीखुशाली त्यानंतर. संगणकासमोरही त्यांची रीत हीच होती. मुंबईचे संशोधक बोर्लीला फोन करून त्यांना अडचणी विचारत, हे महाविद्यालयात फार थोड्यांना ठाऊक होते.

वैशाली कोळी मूळची थळची. महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिच्या विषयाची कायम जागा निघाली होती आणि त्यासाठी पीएचडी हवी होती. समुद्रात डोल जाळी लावण्याच्या जागा आणि त्यांची नावे, हा तिचा विषय. प्रबंध सादर करण्याची वाढवून मिळालेली मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपत आला, म्हणून तिने सगळ्या नोंदी मोफतच्या सॉफ्टवेअरमध्ये हलवल्या होत्या. मराठी नोंदींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली.

"आपा, सगळं गेलं," ती दारातूनच म्हणाली.

"बस आधी. जुन्या ठिकाणी आहे ना अजून?"

"आहे."

"मग काही गेलं नाही. त्याला हात लावायचा नाही. ही नवी फाईल मात्र टाकून दे. प्रश्नचिन्हांतून अक्षर परत येत नाही गो, कितीही डोळे फाडून बघ."

नोंदी बाहेर काढताना फाईल कोणत्या प्रकारे साठवायची, तो पर्याय चुकला होता. आपांनी युनिकोडचा पर्याय निवडला आणि आधी फक्त दहा नोंदी पाठवून पाहिल्या. दहाही मराठीत पोचल्या. मग सगळ्या पाठवल्या. वैशालीने सुटकेचा निःश्वास टाकला. आपांनी चष्मा पुसला.

"निघालं किती?"

"तीनशे बारा."

"पोचलं किती?"

"तीनशे अकरा."

वैशालीने मुंबईला मार्गदर्शकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ते म्हणाले, "एकानं काय होतंय? छपाईला दे. परीक्षक मोजत बसतात का?"

"सर, मी ग्रंथपाल बोलते," आपा म्हणाल्या. "तुमच्या घरी पाच पाहुणे निघाले नि चारच पोचले, तर जेवायला बसाल?"

"चारपर्यंत बघा," ते म्हणाले.

तेव्हा दोन वाजले होते. दोन्ही याद्या छापून आपांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. जुनीवर पट्टी त्यांची, नवीवर वैशालीची. आपा एकेक नाव वाचत, वैशाली "आहे" म्हणे. तीनच्या सुमारास ती थांबली.

"धर्मा रामा कोळी. मुलाखत, थळ. तुमच्याकडे दोनदा आहे, माझ्याकडे एकदाच."

नोंदी आत घेताना 'सारख्या नोंदी एकत्र करा' या चौकटीवर वैशालीनेच खूण केली होती. यादी नीट दिसावी म्हणून.

"दोन माणसं आहेत का ही?"

वैशालीने कपाळाला हात लावला. "आजा नि नातू. आमच्यात थोरल्या नातवाला आज्याचं नाव ठेवतात. आज्याचा मुलगा रामा, त्याचा मुलगा पुन्हा धर्मा."

खात्रीसाठी तिने नातवाला फोन लावला. तो होडीवर होता. "आज्याचाच नाव मना ठेवलंय. आमचे घरान तसाच हाय," तो हसत म्हणाला. मग आवाज उतरला. "आजा नाय आता. त्याचा नाव ऱ्हाऊ दे पुस्तकान."

आपांनी प्रबंधाची ती पाने मागितली. एका पानावर धर्मा रामा सांगत होता की खडकाच्या दक्षिणेला मी चाळीस वर्षे डोल लावली. पुढच्या पानावर धर्मा रामाच सांगत होता की ती जागा मी कधी पाहिलीच नाही. खाली दोन्हीकडे एकच संदर्भ. तो प्रबंध तसाच गेला असता, तर परीक्षकाने त्या म्हाताऱ्याला खोटा ठरवला असता आणि वैशालीला निष्काळजी.

"यंत्राला तुमच्या घरची रीत कशी माहीत असणार?" आपा म्हणाल्या. "तुला माहीत होती." एवढेच त्या रागावल्या.

आलेल्या नोंदी पुसल्या आणि खूण काढून सगळ्या पुन्हा आत घेतल्या. तीनशे बारा. नावांपुढे 'आजोबा' आणि 'नातू' लिहून दोघे वेगळे केले. चारला दहा मिनिटे असताना फाईल छपाईला गेली.

वैशालीला पीएचडी मिळाली, पुढे कायम जागाही. प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात आली, तो आपांच्या नोकरीतला शेवटचा आठवडा होता. त्यांनी ती शेवटून उघडली. बोट खाली सरकत गेले आणि एका जागी थांबले. धर्मा रामा कोळी, आजोबा. त्याखाली धर्मा रामा कोळी, नातू. त्यांनी प्रत मिटली आणि नोंदवहीत चढवली.

मी म्हणालो, "आपा, सुरुवातीला ऋणनिर्देशात पहिलं नाव तुमचं आहे."

"असेल," त्या म्हणाल्या आणि पुढचे पुस्तक शेवटून उघडले.