कुरवंड्याच्या माळावरून सिंगापूरचं विमान

मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर चोवीसशे मैल आणि जेटला लागतात साधारण पाच तास. हे मला कोणी सांगितलेलं नाही. सातवीला शाळा सुटली. पुढचा भूगोल मी जुन्या बाजारातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून शिकलो. तो दोरा मुंबई सोडताच लोणावळ्यावरून जातो हे दिसलं आणि बेत ठरला. आमची सुधा लग्न होऊन सिंगापूरला निघाली होती. सौ.चा हट्ट, सांताक्रूझला जाऊन निरोप द्यायचा. मी समजावलं, "तिथं कठड्यामागून तिची पाठ दिसेल. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या माळावर विमान डोक्यावरून जाईल." थोरल्या मुलाला सुधाबरोबर मुंबईला धाडलं आणि आम्ही दोघं तळेगावहून सकाळच्या गाडीने निघालो.

मळवलीला गाडी इतकी थांबली की तेवढ्यात जेट सोलापूर गाठेल. लोणावळ्याला स्टेशनबाहेर चहा-वडा घेऊनच निघावं, पुढे काही मिळत नाही. टांगेवाला दोन रुपयांवरून दीडवर आला आणि चढ लागताच आम्हाला घोड्याशेजारून चालवलं. माळावर झाड नाही. जाणाऱ्यांनी पाणी आणि टोपी न्यावी. समोर नागफणीचा सुळका, खाली कोकण, वर थंडीतलं स्वच्छ आभाळ.

उड्डाण दहाला. माझ्या हिशेबाने दहा वाजून आठ मिनिटांनी विमान डोक्यावर. तोवर शेळ्या चारणारी एक म्हातारी हिच्याजवळ येऊन बसली.

"कुटं दिलीया लेक?"

"सिंगापूरला, मावशी. लांब आहे हो."

"पाच तास फक्त," मी म्हणालो.

"मंग जवळच हाय की! माजी खाली कोकनात दिलीया. घाट उतरून जायाला आख्खा दीस जातो. तुमची सणाला येती का?"

"तीन वर्षांनी येईल," ही म्हणाली.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळ काढून बघितलं.

दहा-आठ झाले. आभाळात घार होती. साडेदहाला मी उठलो. "गेलं ते. उंचावरून गेलं असेल, दिसलं नाही. चल, गाडी गाठू."

"दिसल्याशिवाय गेलं कसं?" ही जागची हलेना.

"बसू द्या की, भाऊ," म्हातारी म्हणाली. "यस्टी बी येळंवर येत न्हाई, इमान काय येतंय!"

आणि मग आलं. नागफणीच्या बाजूने चांदीचा ठिपका, मागून त्याची घरघर. ही धडपडत उठली, पदर हलवत ओरडली, "सुधे, नीट जा गं!" म्हातारीनेही हात हलवला. मी सांगत होतो, "अगं, हे ते नव्हे. हे पाऊण तास मागं आहे, दुसरंच कुठलं तरी." माझा हात काही वर गेला नाही. ठिपका पुण्याच्या अंगाला विरला.

संध्याकाळी थोरला घरी आला. म्हणाला, "आण्णा, विमान पाऊण तास उशिरा सुटलं. सुधानं मुद्दाम खिडकी मागून घेतली, तुम्ही दोघं दिसाल म्हणून."

"म्हणजे माझी आठ मिनिटं बरोबर होती," मी म्हणालो.

शेजारीपाजारी विचारतात, मुलीला निरोप द्यायला कोण गेलं होतं? ही सांगते, "मी गेले होते." गणित माझं होतं, हे ती सांगत नाही. हल्ली मीही सांगत नाही.