बरां आसा

आमच्या वाडीतून निघाले तेव्हा रिक्षात मी आणि कपड्यांची पिशवी, एवढंच होतं. हे म्हशीला बांधून रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, "म्हशीचा मी बघतंय, तू तुझी पाठ बघ." मुंबईच्या डॉक्टरला दुखरी पाठ दाखवून परतायचं होतं. दुखणं निघालं हाडांच्या आतल्या मगजाच्या कॅन्सरचं, मल्टिपल मायलोमा. धाकटी जाऊ सुनंदा हिच्या घोडपदेवच्या खोलीत मी आले ती अडकलेच.

वाडीतल्या बायांनो, तुम्हाला वाटतं मी मुंबईत मजेत आहे. मजा ऐका. संसर्गाच्या भीतीने गर्दीत जायचं नाही, बारशाला नाही, बाजारात नाही. दर आठवड्याला परळला पोटात इंजेक्शन आणि त्याच दिवशी स्टिरॉइडच्या गोळ्या. गोळ्या घेतल्या की भूक खवळते, झोप उडते आणि मी भांड्यांशीसुद्धा भांडते. सुनंदा शेजारणीला सांगते, "आज वयनींच्या अंगात वारां इलाहा, लांब रवा."

इंजेक्शनाने आजार हटू लागला, पण त्यानेच पाय जाऊ लागले. आधी मुंग्या आल्या, मग तळवे बधिर झाले. एकदा जिना उतरून रस्त्यावर पोचले, तेव्हा एक चप्पल वरच्या मजल्यावर राहिल्याचं मला दुसऱ्याच बाईने सांगितलं. आपल्याकडे पाणंदीत अनवाणी चालून काटा कुठला तेही न बघता सांगायचे मी!

सुनंदा म्हणायची, "वयनी, डॉक्टराक सांगा हां." पण आपली आई आपल्याला काय शिकवते? "परक्यासमोर रडगाणा नको. कोणी इचारल्यान तर बरां आसा म्हणायचा." तरुण डॉक्टरीण दर वेळी विचारायची, "मावशी, हातापायाला मुंग्या, काही त्रास?" मी म्हणायचे, "बरां आसा." ती बिचारी तसंच लिहून घ्यायची आणि पुन्हा तेवढंच इंजेक्शन. मनात धास्तीही होती: पाय वाचवायला औषध थांबवलं, तर मीच उरणार नाही. धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं.

एके दिवशी गोळ्या सकाळीच घेतल्या आणि नंबर दुपारी लागला. अंगात वारं पुरतं भरलेलं. तिने नेहमीचा प्रश्न विचारला आणि माझा तोल सुटला. "बरां कसला? व्हाण पायात आसा काय नाय ता माका कळणा नाय! भुईर उभी आसंय काय हवेत, देवाक ठाऊक!" बाहेरच्या बाकांवरची माणसं माना उंचावून बघू लागली.

डॉक्टरीण हसली नाही. तिने माझे तळवे टोचून पाहिले. "मावशी, आधी सांगायचं ना. असंच चालू ठेवलं असतं तर नसा कायमच्या गेल्या असत्या. औषध बंद नाही करत, डोस कमी करू या." पाय किती परत येतील, ते मात्र तिने सांगितलं नाही. मी घरी येऊन पोटभर रडले.

उपचार चालूच आहेत, खोलीही तीच. परवा मोरीतून बाहेर आले आणि डाव्या टाचेला लादी गार लागली. खरंच गार! मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. सुनंदा "पडश्यात, पडश्यात" करत धावली. पूर्वी घर म्हटलं की आपलं दारापुढचं सारवलेलं खळं डोळ्यांसमोर यायचं. आज तिथे उभी राहिले तर ते पायाला कळेल का, याचीच भीती वाटते. इथे निदान एक टाच तरी परतली आहे.

त्याच संध्याकाळी ह्यांचा फोन आला, "घराक कधी येतंस?"

मी म्हटलं, "आधी पाय येऊंदेत. मगे मी येतंय."