थोरलीमार्फत निरोप

सुरतेत, पांडेसऱ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो: नवरा, सासूबाई, मी आणि दोन मांजरी. नावं ठेवायला मला घरातली माणसं पुरत होती, म्हणून मांजरींना कोणी नाव ठेवलं नाही. एक थोरली, एक धाकटी. थोरली करड्या रंगाची, एका कानाला खाच असलेली, स्वभावाने पोक्त. धाकटी पांढरीशुभ्र आणि बिनडोक.

थोरलीकडे घरातलं एक जबाबदारीचं काम होतं. मी आणि सासूबाई तिच्यामार्फत बोलायचो.

याला कारण झालं एक भरीत. तीन वर्षांपूर्वी गावाकडून, अमळनेरहून, पाहुणे आले होते. वांगी सुरतेच्या बाजारातली, भाजली गॅसवर, आणि भाजणारी मी माहेरची नाशिकची. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हाई भरीत नही, उकडेल वांगं शे." मी म्हणाले, "मग उद्यापासून तुम्हीच करत जा." झालं. एवढ्या दोन वाक्यांवर आमचं बोलणं बंद पडलं. त्यांना वाटलं मी माफी मागीन, मला वाटलं त्या मागतील, आणि दोघीही वाट बघण्यात पटाईत.

पण एका ओट्याशी दोन बायका वावरत असल्या की निरोपांवाचून भागत नाही. चार-पाच दिवसांनी सासूबाईंनी मांडीवरच्या थोरलीला सांगितलं, "चहामा साखर कमी शे, सांग तिले." मी पोळी लाटता लाटता थोरलीला म्हटलं, "सांग त्यांना, डॉक्टरांनीच कमी घालायला सांगितली आहे." थोरलीने दोघींकडे एकेकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तेव्हापासून सिलिंडर संपला, पाणी जाणार आहे, गुडघ्याचं तेल आणायचं आहे, सगळं तिच्या कानावर घालायचो. धाकटीला या कामाला लावण्यात अर्थ नव्हता, ती वाक्य संपायच्या आत उठून जायची. घरी सगळं कसं आहे असं कोणी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "एकदम शांतता आहे." त्याला ती खरंच आवडायची.

नवरा कापड मार्केटमध्ये पार्सलं शिवायचा. साड्यांचे गठ्ठे बारदानात गुंडाळून दाभणाने सुतळीचे टाके घालायचे, वर काळ्या शाईने नंबर मारायचा, की पार्सल चाललं गुवाहाटीला नाहीतर मदुराईला. पंचवीस वर्षं हेच. त्याने शिवलेलं पार्सल वाटेत कधी उसवलं नाही, असा त्याचा लौकिक होता आणि तो त्याने आम्हाला कधी विसरू दिला नाही. मग डोळ्यांनी दगा दिला. दाभणात सुतळी ओवायला शेजारच्याला हाक मारावी लागायला लागली. तेवढ्यात अमळनेरहून त्याच्या मावसभावाचं बोलावणं आलं, त्याच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसायला माणूस हवा होता. मग सुरत सोडायचं ठरलं.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्या माणसाला गावाची ओढ असते. सासूबाईंना गाव म्हटलं की विहिरीचं पाणी ओढून सोललेले तळहात आठवायचे. सुरतेत घरात नळ होता आणि दाराशी भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, यायची. "माले काय शे तठे?" त्यांनी थोरलीला विचारलं. मलाही तिथे काय आहे ते माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी अट घातली, मांजरी बरोबर आल्या पाहिजेत. मी वरवर कपाळाला हात लावला, पण खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. थोरली मागे राहिली तर अमळनेरच्या घरात आम्ही दोघी एकमेकींशी बोलणार कशा, या विचाराने माझी झोप उडाली होती.

मांजरी इतक्या लांब न्यायच्या कशा, हे मी चाळीत विचारत फिरले. ज्याच्या त्याच्याकडे ज्ञान होतं, पण ते मांजर सोडून येण्याचं. पोत्यात घाला, तीन वेळा गोल फिरवा, म्हणजे तिला परतीची वाट सापडत नाही. नदीपलीकडे सोडा, मांजर पाणी ओलांडत नाही. बरोबर कसं न्यायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाई थोरलीच्या पाठीवरून हात फिरवत तिलाच बजावायच्या, "मांजर घरनं ऱ्हास, माणूसनं नही. पन तू तशी करू नको."

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने घर शिवायला घेतलं. दुसरं क्रियापद मला सापडत नाही. लोक खोके भरतात, दोऱ्या बांधतात. याने मार्केटमधून बारदान आणलं आणि भांडी, कपडे, देवाचा पाट, सगळं शिवून टाकलं. एकसारखे चौदा गठ्ठे, प्रत्येकावर ठसठशीत नंबर. आत काय आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मी म्हटलं, "अहो, निदान चहाची भांडी कशात आहेत ते तरी लिहा." तो म्हणाला, "मार्केटमध्ये आतलं बाहेर लिहीत नाहीत. चोरी होते." आमच्या भांड्यांवर गुवाहाटीपर्यंत कोणाचा डोळा होता, देव जाणे.

अंथरुणं तेवढी राहिली होती, कारण आम्ही त्यांच्यावर झोपलो होतो. ती त्याने सकाळी शिवली. चष्म्याचं ओझं नको म्हणून हाताने चाचपत शिवली. चाचपून शिवण्यात त्याचा हातखंडा होता, असं तो म्हणायचा.

टेम्पो आला. धाकटीला मी भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत बसवलं आणि वर दुसरी टोपली उपडी घालून बांधली. थोरलीला घ्यायला वळले तर थोरली नाही. खाटेखाली नाही, कारण खाट गाडीत चढली होती. गच्चीवर नाही, जिन्याखाली नाही. चाळीतल्या पोरीबाळींनी दुधाच्या वाट्या वाजवल्या, दुसऱ्याच चार मांजरी आल्या. तासभर झाला. ड्रायव्हर आधीच नाराज होता. टोपलीकडे बघून त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बेन, बिलाडी साथे हूं गाडी नथी चलावतो." मांजर आडवं गेलं तरी तो गाडी थांबवणारा माणूस. नवऱ्याने त्याला समजावलं की बरोबर बसलेलं मांजर आडवं जाऊच शकत नाही. या युक्तिवादावर तो विचारात पडला आणि त्याच तंद्रीत तयार झाला होता. आता मात्र तो घड्याळ दाखवायला लागला.

सासूबाई रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसल्या. पाय लांब केले, पदर खांद्यावरून घेतला आणि कोणाशीच बोलेनात. सांगायला थोरली नव्हती. नवरा म्हणाला, "माय, मी पुढला रविवारले येसू, तिले लई जासू." त्या हलल्या नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

मी गेले आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसले. म्हणाले, "आई, थोरली मागे सामानात आहे. मी स्वतः ठेवली तिला, टोपलीत, कपड्यांच्या आडोशाला. तुमचा आवाज ऐकून ती ओरडेल म्हणून बोलले नाही. चला आता."

धडधडीत खोटं. इतक्या सफाईने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

पुढे ड्रायव्हर, मधे मी आणि मांडीवर धाकटी, खिडकीशी सासूबाई. नवरा मागे, गठ्ठ्यांच्या राज्यात. बारडोलीपर्यंत धाकटीने जो आकांत मांडला, तो ऐकून रस्त्यावरची माणसं गाडीकडे वळून बघत होती. उसाच्या ट्रॅक्टरांमागे आम्ही रांगत होतो तेव्हा तिने टोपलीत करायचं ते सगळं करून घेतलं आणि त्यातलं निम्मं माझ्या साडीवर आलं. ड्रायव्हरने खिडकीची काच खाली केली आणि व्यारापर्यंत तोंड बाहेरच ठेवलं. सासूबाई समोर बघत होत्या. मी मनात हिशेब लावत होते, कुठल्या शब्दांत सांगायचं, गाडी कुठे असताना सांगायचं. सुरतेच्या जवळ सांगितलं तर त्या परत फिरायला लावतील. अमळनेरला सांगितलं तर आयुष्यभर बोलणार नाहीत, आणि या वेळी मधे मांजरही असणार नाही. थोरली त्या रिकाम्या खोलीच्या दारात येऊन बसली असेल, असं डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू आलं. धाकटीच्या नावावर मी ते खपवलं.

नवापूरच्या अलीकडे एका धाब्यावर गाडी थांबली. धाकटी दमून झोपली होती. इंजिन बंद झालं, आणि मागून एक म्याऊ आलं. बारीक, दबलेलं, तक्रार केल्यासारखं.

नवरा गठ्ठ्यांवरून खाली वाकून म्हणाला, "धाकटीला पाणी द्या. केव्हाची ओरडतेय."

"धाकटी माझ्या मांडीवर झोपली आहे," मी म्हटलं.

त्याने मागे वळून गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मला वाटलंच, एक गठ्ठा जरा गरम आहे. पाठ टेकून बसलो होतो. बरं वाटत होतं."

आम्ही कान देऊन उभे राहिलो. आता आवाज येईना. मी धाब्यावरच्या भाजी चिरणाऱ्या माणसाच्या हातातून सुरी घेतली आणि मागे चढले. गरम गठ्ठा कोणता, हे नवऱ्याला आठवेना, कारण उन्हाने एव्हाना सगळेच गरम झाले होते. मी दिसेल त्या गठ्ठ्यावर सुरी चालवायला गेले तर त्याने माझा हात धरला. "कापू नको. टोक ओढलं की सगळा टाका सुटतो." मांजर गुदमरतंय आणि याला टाक्याची पडलेली. पण खरंच, त्याने टोक शोधून ओढलं आणि सुतळी सळसळत निघून गेली. आतून परात, कढया आणि देवाची समई धाब्याच्या अंगणात गडगडत गेली. दुसऱ्यात जुन्या साड्या. जेवणारी माणसं ताटं हातात घेऊन बघायला आली. त्याला टोक दिसत नव्हतं. मी त्याच्या बोटांना टोकापर्यंत नेलं.

तिसऱ्यात गोधड्या होत्या. चौथ्या घडीत थोरली होती. जीभ बाहेर, डोळे अर्धवट, अंग भट्टीसारखं तापलेलं. मी तिला उचललं तर मान लोंबली. मी तिला हापशापाशी नेलं, पदर ओला करून तिच्या पोटाला, पंजांना लावत राहिले, ओठांवर थेंब सोडत राहिले. सासूबाई कधी गाडीतून उतरल्या आणि कधी माझ्याशेजारी मातीत बसल्या, मला कळलं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग थोरलीने एकदा जीभ आत घेतली, पुन्हा बाहेर काढली आणि माझं बोट चाटलं.

नवरा तिथेच ओट्यावर बसला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचं पार्सल वाटेत उसवलं होतं. थोडं सावरल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पण तू तर म्हणाली होतीस, तू स्वतः ठेवली. टोपलीत."

ड्रायव्हर बघत होता. ताटं घेतलेली माणसंही बघत होती. एकतर मी जिवंत मांजर गोधडीत कोंबणारी बाई ठरणार होते, नाहीतर म्हातारीला फसवून गाडीत बसवणारी. दोन्हींतलं बरं कोणतं, हे ठरवायला वेळ नव्हता.

"आई," मी म्हटलं, "मी खोटं बोलले. मला ती कुठे आहे ते माहीत नव्हतं. तुम्ही उठावं म्हणून बोलले."

सासूबाईंनी थोरलीच्या खाच असलेल्या कानामागची माती पुसली.

"माले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग बसलात कशाला गाडीत?"

"तू माले सांगितलं," त्या म्हणाल्या. "मांजरले नही."

त्यांनी गुडघा चोळला, माझ्या खांद्यावर हात टेकून उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, दुसऱ्यांदा शिवशील तेव्हा चष्मा घाल.