आग्नेय कोपऱ्यातली फरशी

आयुष्यभर संस्कृत शिकवले, जमेल तसे पौरोहित्य केले. त्यामुळे लोकांना वाटते की आमच्यासारख्यांचा चमत्कारांवर चटकन विश्वास बसत असेल. माझे उलट आहे. देवावर श्रद्धा असली की चमत्काराची गरज उरत नाही. कोणी असे अनुभव सांगू लागले की मी नम्रपणे विषय बदलत असे. आज मीच लिहायला बसलो आहे…

गेल्या माघातली गोष्ट. मुलगा प्रसाद चाकणच्या एका कंपनीत आहे. पिंपळे सौदागरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, असे त्याने कळवले. "बाबा, आता देव घेऊन इकडेच या," असा आग्रहही धरला. आमच्या घराण्याचा नियम असा, की कुलदेवतेचे टाक स्वतःच्या वास्तूखेरीज कुठेही बसवायचे नाहीत. केवळ म्हणून मी राजगुरुनगरच्या घरी एकटा राहत होतो. मुलाचे घर झाले, तेव्हा टाक पेटीत ठेवून आलो.

वास्तुशांत मीच सांगितली. प्रसादने आणि सूनबाई ऋचाने हातात पाणी घेऊन 'आमच्या या वास्तूत' असा संकल्प सोडला. वास्तुपुरुषाची प्रतिमा तांदळासह तांब्याच्या डबीत घालून आग्नेय कोपऱ्यात, जमिनीखाली ठेवायची असते. आमचा आग्नेय कोपरा स्वयंपाकघरात आला. मिस्त्रीने तिथली फरशी कापून काढली, खळगा केला, आणि डबी ठेवल्यावर फरशी पुन्हा बसवली. सांधे भरण्याचे काम मात्र मी मागून घेतले. शेवटचा हात घरच्याच माणसाचा असावा.

"करा की आजोबा," मिस्त्री हसला. "ग्राउट लई पातळ नका करू, श्रीखंडावानी पायजे. अन् पुसायची घाई नको."

मी नवशिका, म्हणून प्रत्येक पायरी पूजेच्या क्रमाने केली. जुन्या टूथब्रशने सांध्यातली धूळ काढली. पाणी मापून ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायची सिमेंटसारखी पूड, कालवले, दहा मिनिटे मुरू दिले, रबरी पट्टीने तिरके दाबत भरले, मग ओल्या स्पंजने हलकेच पुसले. फरशी कापताना मिस्त्रीचा ग्राइंडर लागून शेजारच्या दोन फरश्यांचे सांधेही उडाले होते. तेही त्याच वाडग्यातल्या ग्राउटने भरले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सांधे दगडासारखे झाले होते. डबीवरच्या फरशीचे चारही सांधे — नुकतेच कालवल्यासारखे ओले! बोट टेकवले तर रुतले.

दोष माझाच, असे मानले. खरवडून नवे पाकीट आणले, पुन्हा भरले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दीड दिवस पंखा लावून ठेवला. शेजारच्या सांध्यांना नख लागेना, आणि हे चार मात्र ओलेच… सिंक समोरच्या भिंतीला, त्यामुळे तिथून ओल यायचेही कारण नव्हते.

त्याच दुपारी बेल वाजली. प्रसाद शिफ्टला गेला होता. दारात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. ऋचाचा चेहरा त्यांना पाहताच उतरला.

"गॅलरीतला नळ गळतोय म्हनला होता पोरगा, म्हनून आलो," म्हणत ते आत आले आणि थबकले. "आरं! ही फरशी कुनी उचकटली?"

"वास्तुशांत झाली," मी म्हणालो. "मुलाने घर घेतले ना."

"घेतलं? न्हाई वो आजोबा, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट हाय. घर आमचं हाय."

मी ऋचाकडे पाहिले. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. ते गृहस्थ — सगळे त्यांना तात्या म्हणतात — माझ्याकडे पाहून वरमले. "बसवले व्हय देव? बसू द्या की. द्येवाकडनं काय भाडं घ्यायचंय!"

चांगला माणूस. पण मी मिस्त्रीला बोलावून फरशी काढवली. खळगा कोरडा ठणठणीत. डबीतले तांदूळही कोरडे. डबी बाहेर घेतली, फरशी बसवली, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या त्याच पाकिटातले ग्राउट तेवढ्याच पाण्यात कालवून भरले. संध्याकाळी नख लागेना.

प्रसाद समोर बसला होता. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसतात, बाबा. तुम्हाला तिथे एकटं किती दिवस ठेवायचं?"

"ते मला सांगायचे होतेस. हातात पाणी घेऊन देवाला खोटे का सांगितलेस? आणि तेही माझ्याकडून म्हणवून घेऊन?"

बाप तीन वेळा गुडघे टेकून ते सांधे भरत होता, तेव्हाही तो काही बोलला नव्हता…

देव पुन्हा राजगुरुनगरला आले, मीही आलो. मिस्त्री म्हणतो, पोकळीत हवा राहिली असेल. एक रसायनाचे प्राध्यापक म्हणाले, पाकीट जुने असेल. दोन वेगवेगळी पाकिटे, आणि शेजारचे सांधे त्याच वाडग्यातले — हे सांगितल्यावर त्यांनी नम्रपणे विषय बदलला. मला उत्तर सापडलेले नाही. आता मी ते शोधतही नाही.

प्रसाद दर रविवारी येतो, पाया पडतो. मी आशीर्वाद देतो. परवा उशिरा आला. म्हणाला, "चाकणला ट्रॅफिक होतं, बाबा." चाकणला ट्रॅफिक असतेच, हे कोणाला ठाऊक नाही? तरी तो हातपाय धुवायला गेला, तेव्हा मी त्याच रस्त्याने नुकत्याच परतलेल्या शेजाऱ्यांकडे जाऊन, आज चाकणला खरेच ट्रॅफिक होते का, ते विचारून आलो.