भाऊने इंजिन सोडवलं तो दिवस

सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी पुलगावच्या घरी कपडे वाळत घालत होते. "शोभा, भाऊ गेले... येजो," एवढंच ती म्हणाली. अंगणात चहा घेता घेता त्याची मान कलली ती कललीच. आता महिना होत आला. भेटायला येणारे सगळे माझ्या थोरल्या भावाच्या चांगुलपणाबद्दल बोलतात. त्याच्या आंजी गावात कुणाला तातडीने वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं असलं की भाऊची व्हॅन दारात हजर असायची, हे खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो वेगळाच दिवस. त्या दिवशी वहिनी आणि मी त्याच्याकडे जीव मुठीत धरून बघत होतो.

तेव्हा लकव्याने त्याचं उजवं अंग गेलं होतं. बोलणंही जड झालं होतं, वहिनीलाच ते नीट कळायचं. व्हॅन अंगणात उभ्या उभ्या पावसाळे काढत होती. भाऊ खाटेवरून तिच्याकडे बघायचा आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ते बघवेना म्हणून शेवटी वहिनीनेच भंगारवाल्याला निरोप धाडला. मी तेव्हा तिथेच होते. भाऊला कळलं, तसं त्याने पुढ्यातलं ताट सारलं आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "बंद पडलेली गाडी नाई देत मी. चालू कराची... मंग न्या म्हणा."

मग खुर्ची व्हॅनला लावून तो बसला आणि वहिनीने पुढची सीट उचलून इंजिन उघडं केलं. पिस्टन गंजून आत चिकटले होते. प्लग काढायचे, त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडायचं, मुरू द्यायचं आणि मग पान्याने इंजिन फिरवणारी पुली थोडी पुढे, थोडी मागे करायची, असं त्याचं सांगणं. बाकीचे प्लग निघाले, शेवटचा हलेना. तो तुटून आत राहिला असता तर सगळंच संपलं असतं. इकडे डॉक्टरांनी बजावलेलं, ताण नको, प्रेशर वाढलं तर दुसरा झटका येईल. वहिनीने जोर लावला की भाऊची डावी मूठ आवळायची, कपाळावरची शीर फुगायची. ते पाहून वहिनीने पाना खाली ठेवला. "तुमचं तोंड लाल झालं का मी हात नाई लावणार," ती म्हणाली. तो चिडला, पण शब्दच फुटेना. ओठातून लाळ ओघळली, ती पुसायला मी गेले तर माझा हात झटकला. मला वाटलं, आता इथेच होणार काहीतरी... मी म्हटलं, राहू द्या, नेऊ दे भंगारवाल्याला गाडी.

बऱ्याच वेळाने भाऊने डोळे मिटून श्वास सोडला. मूठ उघडली. "जोर नको लावू सुमन," तो हळू म्हणाला, "आधी थोडा कस... मंग सोड." वहिनीने तसं केलं. आतून बारीक कर्र आवाज आला, तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. प्लग अख्खा बाहेर आला होता.

भंगारवाला आला, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुली फिरवताना पाना घसरला आणि वहिनीची बोटं सोलून निघाली. रक्त पाहून भाऊच म्हणाला, बस कर आता. तिने फडकं गुंडाळलं आणि पुन्हा पाना धरला. पुढे, मागे... पुढे, मागे... आणि पुली बोटभर सरकली. मग आणखी थोडी. मी भाऊकडे पाहिलं, तर तो रडत होता. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून गाडी चालू केली, तेव्हा अंगण धुराने भरून गेलं. भंगारवाला पुन्हा आला, तेव्हा वहिनीने भाऊला न विचारताच सांगून टाकलं, "गाडी द्याची नाई."

पुढे भाऊने तिला चालवायला शिकवलं. चालत्या इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून शेजारी बसून तो डावा हात खिडकीबाहेर काढून दारावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे गियर बदल, दोन म्हणजे हळू. तिने लायसन काढलं, गावातले आजारी दवाखान्यात नेऊ लागली, तरी तो शेजारी बसायचाच आणि थाप मारायचाच.

मागच्या आठवड्यात तिने मला वर्ध्याला स्टेशनवर सोडलं. गाव मागे पडलं, गाडीने वेग घेतला, इंजिन ओरडू लागलं, तरी वहिनी गियर बदलेना. नजर रस्त्यावर, मान मात्र किंचित माझ्या बाजूच्या खिडकीकडे कललेली. मी हात मांडीवरच ठेवले... मग तिचा हात गियरकडे गेला.